तिसरं पद सोडलं तरी चालतं

४ जानेवारी
या वर्षी पुस्तक पूर्ण करायचं म्हणजे करायचं. नाव ठरलेलंच आहे : 'किंचित वाकडी सर्किटं आणि त्यांचं गणित'. पहिली दोन प्रकरणं केव्हाच तयार आहेत. केव्हापासून, असा खवचट प्रश्न बायको विचारते. वाचक विचारणार नाही.

प्रस्तावनेचा मसुदा सुचला, लिहून ठेवतो. जगात कुठलंच सर्किट सरळ वागत नाही. दुप्पट आवाज आत घातला तर बरोब्बर दुप्पट बाहेर यावा, तर नाही, किंचित वाकडं वागणारच. मग त्या वागण्याची मालिका मांडायची. पहिलं पद सरळ वागण्याचं. दुसरं थोड्या वाकडेपणाचं. तिसरं त्याहून बारीक. ही पदं न संपणारी, म्हणून कुठेतरी थांबायचं. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं तो विद्वान. मी दोनवर थांबतो. तिसऱ्या पदाला पानंच्या पानं खर्ची पडतात आणि हाती येतं चिमूटभर. त्यासाठी माझं एक ठरलेलं वाक्य आहे : 'तिसरं पद दुर्लक्ष करण्याजोगं आहे, हे उघड आहे.'

आमच्या ऑफिसात मात्र कोणालाच काही उघड नसतं. शेजारच्या टेबलावर माऊस बसतो. खरं नाव लिहायचीही इच्छा नाही. उभ्या जन्मात त्याने पेन हातात धरलेलं नाही. कॉम्प्युटरवर सर्किट काढतो, क्लिक करतो, चहाला जातो, परत येतो तर उत्तर तयार. याला इंजिनियर म्हणायचं! शी! आणि साहेब त्याच्याच टेबलाशी उभे राहून हसतात.

६ जानेवारी
आज आईला कानाचं मशीन दिलं. आमच्या कंपनीचं नवं मॉडेल, अजून बाजारात यायचंय. आतला अ‍ॅम्प्लिफायर माझा, गणित माझं. क्वालिटीची सही बाकी आहे, पण स्वतःच्या आईला काय सही दाखवायची?

बाबा गेल्यापासून आईला ऐकू येईनासं झालं. त्याआधीच कमी येत असणार, पण बाबांचा आवाज असा भारदस्त की तिला कळलंच नसेल. शाळेत गणित शिकवायचे. मी घरी बेरजा करत असलो की मागे येऊन उभे राहायचे आणि छातीतून बोलल्यासारखं विचारायचे, हातचा? बस, एवढंच. मी हातचा विसरलेलोच असायचो. पाहुण्यांसमोरही सांगायचे, मुलगा हुशार आहे हो, फक्त हातचा विसरतो. आज असते तर त्यांना दाखवलं असतं की तोच मुलगा तीन-तीन पदांच्या मालिका मांडतो. दोन-दोन.

तर मशीन. आधी मी एकटा बोललो. आईला शब्दन् शब्द ऐकू आला. मग बायको एकटी बोलली. तोही आला. वर्षभर खोलीत भिंतीकडे बघत बसणारी आई, चक्क आम्हाला म्हणाली की तुम्ही दोघं केवढ्याने ओरडता रे! आणि रडली. माझ्याही डोळ्यात काहीतरी गेलं.

दोघांचं एकेकटं बोलणं स्वच्छ, म्हणजे दोघांचं मिळूनही स्वच्छ. साधी बेरीज आहे. वेगळी तपासणी कशाला?

७ जानेवारी
जेवताना आईने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, कोण आलंय? कोणी आलं नव्हतं. मी आणि बायको नेहमीसारखे बोलत होतो, म्हणजे एकाच वेळी.

९ जानेवारी
पुन्हा तेच. आई म्हणते, घरात तिसरं कोणीतरी बोलतं. पुरुषाचा आवाज, जाडसर, खालच्या पट्टीतला, शब्द नीट लागत नाहीत. मी तिला शांतपणे समजावलं की असं होऊच शकत नाही. ती म्हणाली, तुझं खरं, पण मग तो कोण बोलतो?

बायकोला आत पाठवून मी एकट्याने अर्धं वर्तमानपत्र वाचून दाखवलं. तिसरा कोणी नाही. मला आत पाठवून बायकोने वाचलं. नाही. मशीन निर्दोष आहे. आईचं वय झालं, दुसरं काय! लोकांना फुकट मशीन दिलं तरी त्यात खोट काढायची सवय असते. आई ही त्याच लोकांत मोडेल असं वाटलं नव्हतं.

१६ जानेवारी
आईची तक्रार बंद. शेवटी कान सरावला. मी म्हणत होतोच.

उलट तिची तब्येत खुलली आहे. जेवायच्या आधी केस नीट विंचरून सगळ्यांच्या अगोदर टेबलाशी येऊन बसते. भूक वाढलीय. चहाच्या वेळी चौथा कप काढते, तो विसराळूपणा. बोलताना सारखी बाबांच्या जुन्या खुर्चीकडे बघते. उजेड तिकडून येतो म्हणून असेल.

पुस्तक : तिसरं प्रकरण उद्या.

२३ जानेवारी
माझ्या घरात कोणीतरी काड्या टाकतंय आणि ती माझी सख्खी आई आहे, हे लिहितानाही किळस येते.

सकाळी मला म्हणाली, तुझी बायको म्हणत होती की तुझं पुस्तक म्हणजे रद्दीच्या दुकानाची आगाऊ भरती. मी बायकोला जाब विचारला. ती उलट माझ्यावरच उखडली, कारण आईने तिला सांगितलं होतं की तिच्या हातचं जेवण मी केवळ संस्कार म्हणून गिळतो. मी असं म्हणालो नव्हतो. एकदाच म्हणालो होतो, तेही दुसऱ्या शब्दांत. मग आमची अशी जुंपली की शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.

आणि आई? मध्ये बसली होती. मशीनचं चक्र पुढे ढकलून आवाज पूर्ण मोठा केलेला, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर असा आनंद की मला बोलणंच सुचेना. मी गप्प झालो तर डोळे उघडून म्हणाली, थांबलास का? बोल की. दोघंही बोला.

३० जानेवारी
आठवडाभर रोज भांडण. विषय : पंखा. टॉवेल. माझे मेहुणे. पंखा. बायकोच्या मावशीने आमच्या लग्नात काय म्हटलं होतं. शेवटचा विषय आईने उकरून काढला, आणि तो मी मोठ्या कष्टाने विसरलो होतो.

या घराचा वीट आला आहे. अशा वातावरणात तिसरं प्रकरण लिहून दाखवावं कोणी.

२ फेब्रुवारी
ऑफिसातही डोक्याला ताप. क्वालिटीबाई, म्हणजे आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटच्या मुख्य बाई, टेबलाशी येऊन म्हणाल्या की नव्या मॉडेलची दोन सुरांची टेस्ट राहिली आहे. दोन वेगळे सूर एकाच वेळी मशीनमध्ये घालायचे आणि बाहेर तिसरा काही येतो का ते बघायचं. एक टक्क्यापेक्षा जास्त आला तर मॉडेल नापास. मी म्हटलं, एकेक सूर घालून टेस्ट झाली आहे, उत्तम निकाल आहे. त्या म्हणाल्या, माणसं एकेक करून बोलत नाहीत. मी म्हटलं, माझं गणित आहे. त्या म्हणाल्या, मग द्या.

द्या म्हणे! जसं काही खिशात असतं. माऊस दात काढत होता. म्हणाला, मी करून देऊ का कॉम्प्युटरवर, पाच मिनिटांचं काम आहे. अंगाचा तिळपापड झाला. मी बाणेदारपणे म्हणालो की तिसरं पद मी स्वतः, हाताने, कागदावर काढणार आहे.

बोलून बसलो.

६ फेब्रुवारी
काढलं! आयुष्यात पहिल्यांदा तिसरं पद पूर्ण काढलं. सर्किटमध्ये कपॅसिटर असले की भानगड वाढते, कारण कपॅसिटर मागचं विसरत नाही, त्याच्या पोटात आधीचा आवाज साठलेला असतो. पहिल्या पदात एका मागच्या क्षणाचा हिशोब, दुसऱ्यात दोन क्षणांचा मिळून, तिसऱ्यात तिघांचा. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण उत्तर आलं : अर्धा टक्का. मर्यादा एक टक्का. पास! दणदणीत पास!

म्हणजे मी इतकी वर्षं 'उघड आहे' म्हणत होतो ते उघडच होतं. कागद बाईंच्या टेबलावर आपटून आलो. त्या म्हणाल्या, ठीक आहे, पण टेस्टही होईल, टेस्टचं यंत्र मोकळं झालं की. करा, हवी तर दोनदा करा.

साहेबांना आपणहून सांगितलं. साहेब बरं म्हणाले आणि माऊसच्या टेबलाकडे गेले.

९ फेब्रुवारी
आजचं लिहावंसं वाटत नाही. संध्याकाळी चार शब्द बोलावेत म्हणून आईच्या खोलीकडे गेलो, तर ती बाहेर टेबलाशी एकटी बसली होती. बाबांच्या खुर्चीसमोर चहाचा कप. आणि त्या रिकाम्या खुर्चीला सांगत होती की अहो, लिहितोय तो अजून, होईल हो, तुम्ही नका बोलू त्याला.

माझी आई! जिने अख्ख्या शाळेच्या वार्षिक परीक्षेचे पेपर बाबांच्या बरोबरीने तपासले, तिचं डोकं फिरलं. बायकोला सांगितलं की डॉक्टरांकडे न्यायला हवं, डोक्याच्या. बायको म्हणाली, अजिबात नाही. त्यांना काही झालेलं नाही, त्यांना त्यांच्या मजेत राहू द्या. मी म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं? ती काहीतरी सांगणार होती, मग म्हणाली, जाऊ दे.

नेणार म्हणजे नेणार. मुलगा या नात्याने कर्तव्य आहे.

१२ फेब्रुवारी
डॉक्टर झाले. पांढरी खोली, तीन खुर्च्या, एक टेबल. डॉक्टरांनी आईला एकटीला प्रश्न विचारले. आजचा वार, वजाबाक्या, नातेवाईकांची नावं. आईने फटाफट उत्तरं दिली, वजाबाकीत डॉक्टरांचीच एक चूक काढली. ते म्हणाले, ठणठणीत आहेत की! मी म्हटलं, नाही हो, आणि लक्षणं सांगू लागलो. तेही त्याच वेळी मला काहीतरी सांगू लागले. झालं. आईने मान वळवली, कोपऱ्याकडे बघून हसली आणि हळूच म्हणाली, तुम्ही इथेही आलात होय?

डॉक्टरांनी पेन काढलं. रोज सकाळ-संध्याकाळ एक गोळी.

परत येताना रिक्षात आई मला एवढंच म्हणाली की तुला मी वेडी वाटते का रे. मी म्हटलं, छे, काहीतरीच काय. खोटं बोललो.

१८ फेब्रुवारी
गोळ्या लागू पडल्या. आई झोपून असते. जेवायला उठवावं लागतं, टेबलाशी बसल्या बसल्या मान पडते. मशीन घालत नाही. काड्या नाहीत, भांडणं नाहीत, चौथा कप नाही. बायको माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे दोघं एकाच वेळी बोलण्याचा प्रश्नच मिटला.

घर शांत. पुस्तकाला अगदी सोन्यासारखा वेळ.

१९ फेब्रुवारी
एक ओळ लिहिली. खोडली.

२० फेब्रुवारी
ही शांतता सहन होत नाही. आईचे केस कोणी विंचरले नव्हते. मी विंचरून दिले. मला जमत नाही. ती जागी झाली नाही.

२४ फेब्रुवारी, दुपार
दोन सुरांची टेस्ट. सेकंदाला एक हजार कंपनांचा सूर आणि बाराशेचा सूर, दोन्ही स्वच्छ, एकदम मशीनमध्ये घातले. पडद्यावर दोन उंच रेघा. आणि खाली, आठशेला, तिसरी रेघ. कोणी पाठवलीच नव्हती. दीड टक्का.

मी म्हटलं, मीटर खराब आहे. मीटर बदललं. दीड टक्का. मी म्हटलं, वायरी. वायरी बदलल्या. दीड. मी म्हटलं, खोलीत गरम होतंय. क्वालिटीबाई म्हणाल्या, तुम्हाला गरम होतंय. मग त्यांनी दोन्ही सूर दुप्पट केले. तिसरी रेघ आठपट उसळली. आणि माऊस मागून म्हणाला की त्याच्या कॉम्प्युटरवर तीन आठवड्यांपूर्वीच दीड आलं होतं, पण मी रागावेन म्हणून तो बोलला नाही. दळभद्री दयाळूपणा! तोंड बघवेना त्याचं. माझंही.

मॉडेल नापास. पहिला सगळा लॉट भंगारात.

२५ फेब्रुवारी
अर्धा टक्का कुठे आणि दीड कुठे. बरोब्बर तिप्पट. सकाळी ऑफिसच्या जिन्यात उभ्या उभ्या कळलं. तिसऱ्या पदात तीन जागा असतात. पहिला सूर दोनदा आणि दुसरा एकदा, असे त्यात बसवायचे. दुसरा सूर पहिल्या जागी बसू शकतो, मधल्या जागी बसू शकतो, शेवटच्या जागी बसू शकतो. तीन तऱ्हा. मी एकच मोजली. दोन तऱ्हा हातच्या होत्या, त्या मिळवल्याच नाहीत.

हातचा विसरलो. या वयात, या पदावर, या टकलासकट.

आणि मग जिन्यातच खाली बसलो, कारण पुढचंही कळलं. दोन आवाज एकदम आत गेले की माझं सर्किट तिसरा तयार करतं. दोघांपेक्षा खालचा, जाडसर. बोलणारे जितके चढतील त्याच्या कितीतरी पट तो चढतो. आई खरं सांगत होती. घरात तिसरं कोणीतरी बोलत होतं आणि तो माझा विसरलेला हातचा होता. त्याच्यासाठी मी तिला गोळ्या चारल्या.

माझी मला शिसारी आली. सुट्टी टाकून घरी आलो, गोळ्या बेसिनमध्ये ओतल्या. बायको दारात उभी होती. म्हणाली, उशीर केलात. मग डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आधी गोळ्या अशा एकदम बंद केल्याबद्दल झापलं, मग सगळं ऐकून घेऊन म्हणाले, बरं, बंदच ठेवा, उद्या आणून दाखवा.

एक मात्र नमूद करतो : मालिकेचं गणित लहान आवाजालाच लागू असतं. आमच्या घरात लहान आवाज नाहीच. त्यामुळे दोष अगदीच माझा म्हणता येणार नाही. किंचित.

३ मार्च
आई जागी झाली. डॉक्टरही ठीक म्हणाले. आणि मीही स्वस्थ बसलेलो नाही! तिसरं पद तिन्ही तऱ्हांसकट पुन्हा काढलं, आणि त्यातूनच उपाय निघाला : एका ठिकाणचा व्होल्टेज किंचित सरकवला की तिसरं पद स्वतःलाच खाऊन टाकतं. नवं सर्किट बनवलं. टेस्ट केली. आठशेची रेघ गायब. पडद्यावर दोन रेघा आणि खाली सपाट. क्वालिटीबाईंनी सही केली आणि चक्क म्हणाल्या, छान काम. माऊसने टाळ्या वाजवल्या. साहेब माझ्या टेबलाशी उभे राहून हसले.

उद्या आईच्या मशीनमध्ये हेच सर्किट बसवणार. तिला सांगणार की तू वेडी नव्हतीस, चूक माझी होती आणि ती मीच निस्तरली. आई काय म्हणेल ते आत्ताच कानात ऐकू येतंय.

४ मार्च, संध्याकाळ
आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मशीन कानात घातलं. आम्हाला म्हणाली, बोला दोघं. बायको नको म्हणत होती, मीच आग्रह केला. विषय पंख्याचा घेतला, तो हुकमी आहे. दोघंही चढलो. आईने मान खुर्चीकडे वळवली. चक्र पुढे ढकललं. आणखी ढकललं. मग म्हणाली, अरे, आज कोणी बोलत का नाही?

आम्ही दोघं तारस्वरात ओरडत होतो.

मग म्हणाली, छान झालंय हो मशीन, अगदी स्वच्छ ऐकू येतं तुमचं. काढलं, रुमालात गुंडाळलं, ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि खोलीत जाऊन भिंतीकडे बघत बसली.

मला काही कळेना. एवढं निर्दोष मशीन! बायको टेबल पुसत होती. ती म्हणाली, अहो, त्या आवाजाला त्या बाबा समजत होत्या. जानेवारीतच मला सांगितलं होतं त्यांनी. आधी घाबरल्या, मग ओळखीचा वाटला. तुम्ही आणि मी भांडलो की बाबा मध्ये पडतात, पूर्वी पडायचे तसे, म्हणून तर आपल्याला भांडायला लावायच्या. मीही मग जरा जास्तच भांडायचे. तेवढंच त्यांना.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही दुरुस्त केलं असतं.

५ मार्च
बाबा एकदा गेले ते गेले. दुसऱ्यांदा मी घालवले. सही-शिक्क्यासह.

६ मार्च
आई मशीन घालत नाही. हाका मारल्या तर मान हलवते, ऐकू आल्यासारखी. ऑफिसात सगळे अभिनंदन करताहेत. प्रत्येकाच्या तोंडावर दार आपटावंसं वाटतं.

८ मार्च
भंगाराच्या खोक्यात हात घालून जुन्या लॉटमधलं एक सर्किट काढलं. क्वालिटीबाईंनी बघितलं. म्हणाल्या, ते नापास आहे. मी म्हटलं, माहीत आहे, घरी हवंय. त्यांनी खोकं माझ्याकडे सरकवलं, म्हणाल्या की एक जपून ठेवायलाही घ्या.

माऊसने विचारलं, नापास सर्किटाचं घरी काय करणार? मी म्हटलं, भांडणार.

९ मार्च, संध्याकाळ
जुनं सर्किट बसवलं. आईला काही समजावलं नाही, नुसतं मशीन पुढे केलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि घातलं. कप चार मांडले. चौथा मी मांडला.

मी आईच्या एका बाजूला, बायको दुसऱ्या. बसलो भांडायला, तर भांडणच सुचेना. पंखा आठवला, टॉवेल आठवला, मावशीही आठवली, पण आवाज चढेना. इतक्या वर्षांच्या संसारात अशी नामुष्की कधी आली नव्हती. शेवटी ठरलं की बायको मोठ्याने वर्तमानपत्र वाचेल आणि मी माझं तिसरं प्रकरण. गेल्या चार दिवसांत लिहून झालंय ते, तिन्ही तऱ्हांसकट, एकही 'उघड आहे' न लिहिता. मी उभा राहिलो. छाती भरून वाचायला लागलो. बायकोही लागली. दोघंही टिपेला.

आईने चक्र पुढे ढकललं. मान खुर्चीकडे वळली. आणि हसली. गाल ओले होऊ लागले तरी हसत होती. आम्ही थांबलो नाही. बायकोचं पान संपलं तर तिने तेच पुन्हा सुरू केलं.

घसा बसल्यावर न राहवून मी आईला विचारलं, बाबा काय म्हणतायत?

आई म्हणाली, म्हणतात, हातचा विसरला.

मी म्हटलं, शक्यच नाही. हे पान पुन्हा पुन्हा तपासलंय. आई म्हणाली, मला काय कळतंय रे त्यातलं, ते म्हणाले ते तुला सांगितलं.

आत येऊन दार लावून पान पहिल्यापासून सोडवलं. चौथ्या ओळीत विसरलोय.